वर गेल्यावर बंद पडलं तर?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तसं लग्नाच्या पंगतीत विचारतात, लिफ्टमध्ये विचारतात, परवा तर न्हाव्याने वस्तरा गळ्याशी धरूनच विचारलं: "विमानाला गाडीचं इंजिन लावताय म्हणे. वर गेल्यावर बंद पडलं तर?"

आधी खुलासा करतो, विमान अजून वर गेलेलंच नाही. गोरेगावला माझा गाळा आहे. तिथे भिंतीला टेकून दोन पंख उभे आहेत आणि लोखंडी स्टँडवर इंजिन आहे. परवानगीच्या कागदांची फाइल त्या इंजिनाहून जड होईल असं दिसतंय. पण हे मुंबईत होतच नाही असं मात्र म्हणू नका. कांदिवलीत, चारकोपच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधलं आणि २०१७ मध्ये डीजीसीएने, म्हणजे विमानांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, त्याची नोंदणीही केली. एकाच इंजिनाची भीती वाटत असेल, तर १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तेही एका इंजिनावरच.

आता माझं इंजिन. माझदाच्या आरएक्स-८ गाडीचं, मेव्हण्याने दुबईच्या भंगारातून मिळवलेलं. याला रोटरी इंजिन म्हणतात. यात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, कनेक्टिंग रॉड नाही. कमरेत किंचित चेपलेल्या डब्यात फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर फिरतो, असे दोन डबे. रोटरचा एक फेरा होतो तेव्हा शाफ्टचे, म्हणजे ताकद बाहेर नेणाऱ्या दांड्याचे, तीन होतात. घरी विमान बांधणाऱ्यांना याचं आकर्षण का, तर मोडायला भाग कमी. पिस्टनचं इंजिन रॉड तोडून एका झटक्यात गप्प होऊ शकतं, हे बहुतेक वेळा ताकद कमी करत करत कुरकुरतं. मिनिटाला ६,००० फेऱ्यांचा वेग प्रोपेलरला झेपत नाही, म्हणून मध्ये गिअरबॉक्स लागतो, तो वेगळाच खर्च.

इंजिन उघडलं तेव्हा आत काजळी होती आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या रबरी रिंगा पापडासारख्या कडक झाल्या होत्या. खरी करामत सीलची, म्हणजे आतला दाब निसटू न देणाऱ्या पट्ट्यांची. एका रोटरच्या तीन टोकांना तीन अपेक्स सील, जाडी जेमतेम २ मिलिमीटर, त्याशिवाय ६ कॉर्नर आणि ६ साइड सील, आणि प्रत्येकाखाली स्प्रिंग. जोडताना ती जागेवर राहावीत म्हणून व्हॅसलीन लावतात. एक स्प्रिंग उडाली ती दोन दिवस सापडेना. शेवटी आमच्या फिटरच्या कटिंगच्या ग्लासात तळाशी निघाली.

जोडलं, सुरू झालं, पेढे वाटले. आणि मग रोग सुरू झाला. कव्हर लावून चालवलं की बारा-पंधरा मिनिटांनी आचके देऊन बंद. अर्ध्या तासाने पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही.

मी म्हटलं, सील गेलं. फिटर म्हणाला, "साहेब, आधी कॉम्प्रेशन बघू." म्हणजे आत दाब किती धरला जातो ते. बघितलं. रोटरच्या एका फेऱ्यात गेजचा काटा तीनदा उडतो. अपेक्स सील गेलं असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंचे दोन ठोके मंद पडतात, साइड सील गेलं असेल तर सहसा एकच. आमचे तिन्ही ठोके सारखे, दोन्ही रोटरचे. काटा सरळ सांगत होता, आत काही नाही. तरीही मी इंजिन उघडलं. का, ते मला आजही सांगता येत नाही. स्वतःच्या हातांवर विश्वास नव्हता, दुसरं काय! दोन महिने आणि रिंगांचा नवा सेट गेला. सील ठणठणीत होती. मग कॉइल बदलल्या, प्लग बदलले, पेट्रोल पंप बदलला.

उत्तर दिलं ते शेजारच्या गाळेवाल्याच्या तक्रारीने. आवाज फार होतो म्हणून सोसायटीने आम्हाला दोनच वेळा दिल्या: रविवारी सकाळी सात आणि बुधवारी जेवणाच्या सुट्टीत दीड. मी वहीत नोंदी ठेवतो. एका रात्री पानं चाळताना दिसलं, रविवारी इंजिन एकदाही बंद पडलेलं नाही. सगळे आचके बुधवारचे! मे महिन्यातली दीडची वेळ, वर पत्रा.

पुढच्या बुधवारी बंद पडताच फिटरने कव्हर काढून पेट्रोलच्या नळीवर ओलं बोट टेकवलं. चर्र झालं. या इंजिनाचा एक्झॉस्ट भयंकर तापतो आणि मी नळी त्याच्यापासून चार बोटांवरून नेली होती, दिसायला नीट दिसते म्हणून. आत पेट्रोल उकळून वाफ होत होती आणि पंपाला वाफ ढकलता येत नाही. नळी दुसऱ्या बाजूने नेली, तिला उष्णतारोधक वेष्टण घातलं, पंप खाली टाकीजवळ बसवला आणि उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी आणखी एक नळी टाकली.

तेव्हा बंद पडलं तर काय, याचं उत्तर मी ज्याला त्याला हेच देतो: पडतं, चांगलं चाळीसेक वेळा पडलंय, म्हणूनच ते अजून स्टँडवर आहे. न्हाव्याचं समाधान झालं नाही.

गेल्या बुधवारी दीडला सुरू केलं. पस्तीस मिनिटं झाली, चाळीस झाली, फिटरने जेवणाचा डबाही उघडला नाही. एक्केचाळिसाव्या मिनिटाला इंजिन आचके देऊन बंद पडलं. आम्ही दोघे एकमेकांकडे बघतच राहिलो. मग त्याने वाकून टाकी हलवून पाहिली. रिकामी होती.