गावठी गुलाब नेमका कुठल्या गावचा?

अंगणातल्या जुन्या गुलाबाबद्दल गोव्यात दोन उत्तरं तयार असतात. एक 'गावठी', दुसरं 'पोर्तुगीजांनी आणलेला'. काजू आणि मिरची त्यांनी आणली हे खरं, पण म्हणून परसातलं प्रत्येक झाड त्यांच्या खात्यावर टाकायचं कारण नाही.

आधी बघा, झाड फुलतं कधी. बारा महिने थोडी थोडी फुलं येत असतील तर त्यात चिनी रक्त आहे. फुलण्याला लगाम घालणारा एक जनुक चीनमधल्या गुलाबांत बिघडला आणि झाडं सतत फुलू लागली. यातला फिकट गुलाबी 'ओल्ड ब्लश' इंग्लंडात रुजला तो १७९३ च्या सुमारास. तेव्हा सोळाव्या शतकातल्या गलबतातून लिस्बनहून असं झाड येणं शक्यच नव्हतं. युरोपातला शरद दमास्क नावाचा जुना सुवासिक गुलाबसुद्धा फार तर वर्षातून दोनदा फुलायचा. आणि 'रोझा इंडिका' या नावावर जाऊ नका, तो भारतातला नव्हे, चीनचाच.

ओल्ड ब्लश ओळखायची सोपी खूण म्हणजे कळी उमलते तेव्हा फूल फिकं असतं आणि उन्हात दोन दिवसांत गडद होत जातं. युरोपातले जुने गुलाब नेमके उलट, उन्हात विटतात. म्हणून फोटो एकाच फुलाचा, पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी घ्या. एकट्या फोटोवरून जात सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

गडद गुलाबी, दाट पाकळ्यांचा, गोड वासाचा झुबका असेल तर 'एडवर्ड'चा संशय घ्या. ओल्ड ब्लश आणि शरद दमास्क यांच्या संकरातून हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर, १८१७ च्या सुमारास, हा प्रकार लक्षात आला. आपल्याकडे तो देवाच्या फुलांसाठी लावतात, आणि कलमांचा खुंट म्हणूनही वापरतात, म्हणजे त्याच्या मुळावर दुसऱ्या गुलाबाचा डोळा (कळीसारखा कोंब) बसवून कलम करतात.

खरी गफलत या खुंटानेच होते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून लाल हायब्रीड टी (मोठ्या फुलांचा संकरित कलमी गुलाब) आणला, दोन पावसाळे गेले आणि झाड अचानक 'गावठी' झालं, असं लोक सांगतात. गुलाब बदलत नाही, मरतो. पावसात काळे ठिपके पडून पानं झडतात, छाटलेल्या टोकापासून फांदी काळी पडत खाली येते आणि डोळा भरलेल्या जागेपर्यंत पोचते. वरचं कलम संपलं की खालचा खुंट जोमाने फुटतो. जांभ्याची तांबडी माती कुंडीत घट्ट बसून पाणी धरू लागली की हे लवकर होतं. म्हणून डोळ्याची गाठ मातीच्या ३ ते ४ सेंटिमीटर वर ठेवा.

फुटवा गाठीच्या खालून आला असेल तर तो खुंटाचा. सात पानांचा फुटवा म्हणजे रानटी, हे ऐकीव शास्त्र सोडा. चांगल्या हायब्रीड टीलाही सात पर्णिका येतात. पानाचा देठ फांदीला लागतो तिथे दोन्ही बाजूंना हिरवी पातळ पट्टी असते, तिला उपपर्ण म्हणतात. तिच्या कडा कंगव्यासारख्या कातरलेल्या दिसल्या तर झाड रोझा मल्टिफ्लोराचं, म्हणजे खुंटासाठी वापरतात त्या एका रानगुलाबाचं, किंवा त्याच्या रक्ताचं. कडा तशा नसतील तर मल्टिफ्लोरा बाद, पण एडवर्डची शक्यता उरतेच.

वरचं कलम जिवंत असेल तर खुंटाचा फुटवा कापू नका, माती बाजूला करून बुडातून ओढून काढा. कापल्यास बुडाशी उरलेले डोळे चार फुटवे देतात.

जुनं झाड टिकवायचं असेल तर पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पेन्सिलीएवढ्या जाडीची १५ ते २० सेंटिमीटरची फांदी घ्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, वरचा तिरका. दोन डोळे मातीत जातील एवढी रोवा. निम्मी रेती, निम्मं कुजलेलं शेणखत-माती, आणि सावली. मुळं फुटण्याआधी वरून खत द्यायची घाई केली तर काडी कुजते. अशी काडी स्वतःच्या मुळांवर वाढते, त्यामुळे वरचं सगळं वाळलं तरी खालून तोच गुलाब फुटतो.