आईचा फ

माझी भाची एम.ए. इंग्रजीला आहे. परीक्षा आली की ती आमच्या सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत मुक्काम टाकते. परवा मी फोडणीसाठी तेल तापत ठेवलं होतं. ही शेजारी येऊन म्हणते, "मावशी, गळ्याला हात लाव आणि नुसतं स्स्स म्हण. आता जीभ न हलवता मधमाशीसारखं गुणगुण."

दुसऱ्या वेळी गळा थरथरला. म्हणजे पहिला ध्वनी अघोष, दुसरा घोष.

इंग्रजीतली 24 व्यंजनं म्हणे अशी तीन प्रश्नांनी ओळखायची. गळा थरथरतो का, हवेची वाट कुठे अडते आणि किती अडते. पुरती अडून एकदम सुटली तर प, कसारखे स्फोटक. फटीतून घासत गेली तर स, शसारखे घर्षक. मी म्हटलं, यात नवीन काय? क-च-ट-त-प म्हणजे तरी घशापासून ओठांपर्यंतचा प्रवासच की. आमच्याकडून तो पाढ्यांसारखा घोकून घेतला, एवढंच.

मग तिने माझ्या तोंडासमोर कागदाचा चिठोरा धरला. "पुणे म्हण." कागद ढिम्म. तिने साहेबी थाटात म्हटलं, तर कागद फडफडला! 'पिन'मधला प असाच हवा सोडत येतो, 'स्पिन'मधला मात्र निमूट असतो. इंग्रजीत त्याने अर्थ बदलत नाही. आपल्याकडे तेवढ्या हवेत 'पळ'चं 'फळ' होतं. आणि ण तर इंग्रजीत नाहीच. जीभ हिरडीला टेकवून न म्हणायचा. म्हणजे आमच्या गावाच्या नावातली दोन्ही व्यंजनं साहेबाला धड जमली नाहीत. (हे ऐकून मला नको तितकं बरं वाटलं.)

शेवटी 'एफ' आला. वरचे दात खालच्या ओठावर, म्हणून दंतोष्ठ्य. आई कोपऱ्यात लसूण सोलत होती, कवळी वाटीत.

"आजी, फॅन म्हण."

"फॅन कशाला? पंखा म्हणावं."

"बरं, फळ म्हण."

आईने दोन्ही ओठ मिटले आणि हवेसकट उघडले. "फळ."

"मावशी, ऐकलंस? हा खरा मराठी फ! आपण सगळे फळालासुद्धा एफ लावतो."

मी चार-पाच वेळा म्हणून पाहिलं. दात दर वेळी ओठावर.

"फ नंतर म्हण," आई म्हणाली, "तेल बघ."