पोट दुखते म्हणते ते नाटक नसते बाप्पा

आमच्या विदर्भात शाळा उन्हामुळं जूनच्या शेवटी उघडतात आणि गावच्या जिल्हा परिषद शाळेत वर्ग चौथीपर्यंतच, म्हणजे पाचवीत गेलं की पोट्टं ऑटोत कोंबून तालुक्याले. चिडवायचा, छळायचा त्रास बहुतेक ऑटोतच सुरू होते. वर्गात निदान सर तरी असतात, इथं ड्रायव्हर रस्ता पाहते आणि मागं कोण कोणाचे केस ओढते ते कोणालेच माहीत नाही.

माझा पुतण्या बोलताना अडखळते. त्याचं नाव पडलं "लुना", त्या जुन्या अडखळत चालू होणाऱ्या मोपेडवरून. त्यानं तोंड उघडलं की सातवीतला एक जण ओरडते, "किक मार बे याले, किक मार!" आणि सगळा ऑटो हसते. ऐकणाऱ्याले गंमतच वाटंल, पण रोज जाताना आणि रोज येताना हेच, आणि ह्यानं काही बोललं तर अजून अडखळते, म्हणजे त्याहिले अजून मजा. नॉर्वेचे डॅन ओल्वेयस म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, 1970 च्या दशकापासून त्यांनी ह्याच गोष्टीचा अभ्यास केला, त्यांची खूण सोपी आहे: मुद्दाम, पुन्हा पुन्हा, आणि ज्याचं समोरच्यापुढं काही चालत नाही त्याच्यावर. कंचे खेळताना झालेली मारामारी वेगळी, ती संध्याकाळपर्यंत मिटते.

आता घरातली मतं ऐका. सोमवारी सकाळी पोरगा पोट धरून बसला की आजी म्हणते नजर लागली, मोठे काका म्हणतात नाटकं करून राह्यला, आणि माझे दीर म्हणजे त्याचे बाबा म्हणतात, "तू बी हाण ना एक, काऊन रडतं?" अरे पण त्याच्या हातून हाणणं होत असतं तर हे दुखणं आलंच नसतं ना! आणि ते पोट खरंच दुखते. भीती वाटली की शरीर पळायच्या तयारीत येते, छाती धडधडते, पोट आवळते, मळमळते, म्हणून डॉक्टरले तपासणीत काही सापडत नाही तरी लेकराले कळ येतेच. पहिले डॉक्टरले दाखवाच, पण काही निघालं नाही म्हणून खोटारडा ठरवू नका.

मग घरी ठेवायचं का? इथंच गोची आहे. घरी राहिला की दहा मिनिटात चेहरा खुलते, आपल्याले बी बरं वाटते, पण मंगळवारी तोच ऑटो दुप्पट मोठा दिसते, बुधवारी त्याहून मोठा. म्हणून पाठवायचं, पण त्याच ऑटोत त्याच जागी नाही पाठवायचं. माझं स्पष्ट मत आहे, त्रास थांबवणं हे मोठ्यांचं काम, लेकराचं काम फक्त भीती घेऊन चालणं शिकायचं. आपण काय करतो, दोन्ही त्याच्याच डोक्यावर टाकतो आणि वरून म्हणतो धीट हो.

मोठ्यांचं काम आम्ही असं केलं. ऑटोवाल्या भाऊले सांगून त्याले समोरच्या सीटवर बसवलं. त्याच्यासोबत चढणाऱ्या नववीतल्या एका पोरीले म्हटलं, तू फक्त हसू नको आणि त्याच्याशी गप्पा मार. फिनलंडमधल्या शाळांचा किवा नावाचा कार्यक्रम बी बघणाऱ्या पोरांवरच जास्त भर देते, कारण हसणारे कमी झाले की चिडवणाऱ्याले मजा येत नाही. आणि शाळेत मुख्याध्यापकांना लेखी अर्ज, कोणत्या तारखेले कुठं काय म्हटलं ते लिहून, आणि आपल्या प्रतीवर पोच. तोंडी सांगितलेलं हवेत जाते. शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्यात शाळेत लेकराले मानसिक त्रास देण्याले मनाई आहे, आणि जिल्हा परिषद किंवा अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालकच असतात, तिथं विषय मांडता येते. त्या सातवीतल्याच्या घरी मात्र भांडाले गेलो नाही. गावात ते लगेच भावकीवर जाते आणि मुद्दा लेकराचा राहतच नाही.

लेकराची तयारी ओट्यावर केली. माझी पोरगी "किक मार" म्हणायची आणि ह्यानं सावकाश म्हणायचं, "हो, अडखळतो मी. मग?" आणि तोंड फिरवून दुसऱ्याशी बोलाले लागायचं. पहिल्यांदा "मग" वरच अडकला, दोघंही फिदीफिदी हसले, ते बी बरंच झालं. बोलायच्या आधी चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. सोडलेला श्वास लांबला की धडधड उतरते, हे कापसाच्या गाठोड्यावर बसून बी करता येते, त्यासाठी योगा क्लास लागत नाही. आणि शाळेतून आल्या आल्या "आज कोणी काही म्हटलं का" हे विचारणं मी बंद करायले लावलं, पहिले भाकर खाऊ द्या. भुईमुगाच्या शेंगा फोडताना तो आपोआप सांगते, समोरासमोर बसवलं की मुका होते.

पोट्टं नीट झोपत नसंल, जेवत नसंल, मरणाच्या गोष्टी करत असंल तर हे ओट्यावरचे उपाय पुरणार नाहीत, लगेच डॉक्टरकडे न्या. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फुकट नंबर आहे, मराठीतही बोलतात. संकटातल्या लेकरासाठी 1098, रात्री बेरात्री बी. अडखळण्यासाठी जिल्हा रुग्णालयात वाचा उपचाराची चौकशी करा, आम्ही दिवाळीच्या सुट्ट्यांत जाणार आहोत. दीर अजूनही म्हणतात एक हाणली असती तर काम झालं असतं. म्हणू द्या, पण अर्जावर सही त्याहिनंच केली.