आई म्हणाली, एकदा थांब म्हणायचं ना

परवा रात्री आईबरोबर 'अ सेपरेशन' परत बघितला. माझी तिसरी वेळ, तिची पहिली. इराणी पिक्चर आहे, 2011 चा, असगर फरहादीचा, ऑस्कर मिळालेला, एवढंच तिला सांगितलं होतं आणि सबटायटल्स भराभर जायला लागली की मी मराठीत सांगत होते. मूळ फारसी नावात 'जोदाई' आहे, म्हणजे आपली जुदाईच, नादेरची सिमीनपासून.

(पुढे शेवट सांगणार आहे, बघायचा राहिला असेल तर आधी बघून या.)

सुरुवातीलाच हे नवरा-बायको घटस्फोटासाठी कोर्टात, कॅमेऱ्याकडे तोंड करून बसलेत, जज दिसतच नाही, त्यामुळे जजच्या खुर्चीत आपणच बसल्यासारखं वाटतं. सिमीनला मुलीला घेऊन देश सोडायचाय, व्हिसाची मुदत संपत आलीये. नादेर म्हणतो वडिलांना अल्झायमर आहे, मी नाही येणार. ती म्हणते, त्यांना कळतं तरी का तू त्यांचा मुलगा आहेस? तो म्हणतो, पण मला तर कळतं ना ते माझे वडील आहेत. इथे आईने पॉज करायला लावलं. आमची आजी शेवटची दोन वर्षं बाबांना 'अहो मास्तर' म्हणून हाक मारायची. आई काही बोलली नाही, आत जाऊन पाणी पिऊन आली आणि म्हणाली, लाव.

नादेर मारहाण करत नाही, त्याचं बाहेर काही नाही, सिमीन स्वतःच जजला सांगते की माणूस चांगला आहे. मग मोडतं कशावरून? मला यावेळी पियानोचा सीन दिसला, आधी दोनदा नुसताच डोळ्यांसमोरून गेला होता. जिन्यावरून पियानो नेणारी माणसं एका मजल्याचे जास्त पैसे मागतात, सिमीन ड्रॉवरमधून काढून देऊन टाकते आणि नवऱ्याला सांगत नाही, कारण बोलणंच बंद झालंय. पुढे तेच पैसे कमी दिसतात तेव्हा नादेर म्हाताऱ्याला सांभाळायला ठेवलेल्या रझियेवर चोरीचा आळ घेतो, आधीच चिडलेला असतो कारण ती वडिलांना पलंगाला बांधून बाहेर गेलेली असते, आणि तो तिला दाराबाहेर ढकलतो, ती गरोदर असते, मूल जातं, त्याच्यावर खुनाचा आरोप येतो. 'पैसे मी घेतले बरं का', एवढं एक वाक्य घरात बोललं गेलं असतं तर?

आणि त्यांची मुलगी तर्मे. अकराएक वर्षांची पोर, बाप खोटं बोललाय हे तिला कळतं, तरी बापाला वाचवायला जजसमोर ती पण खोटं बोलते आणि मग गाडीत रडते. हे काम फरहादीच्या स्वतःच्या मुलीने केलंय, सरीनाने. त्या पोरीकडे बघवत नाही खरंच.

आईला लागलं ते वेगळंच. सिमीन घर सोडून निघते तेव्हा म्हातारा तिचा हात घट्ट धरून ठेवतो, सोडतच नाही. आई म्हणाली, "बघ, ज्याला काही कळत नाही त्याने थांबवलं, आणि याने एकदा थांब म्हणायचं ना! ती थांबली असती गं." मला वाटतं बरोबर आहे तिचं. सिमीनचा राग देशावर कमी आणि त्या न बोलण्यावर जास्त आहे.

शेवटी परत कोर्ट. सगळे काळ्या कपड्यांत, वडील गेले असावेत, पण कोणी बोलून दाखवत नाही. म्हणजे ज्याच्यासाठी नादेर जात नव्हता तो माणूसच आता नाही, तरी घटस्फोट चालूच. तर्मेला विचारतात कोणाकडे राहणार, ती म्हणते ठरवलंय, पण ती सांगायच्या आधी आईबाबांना बाहेर पाठवतात. दोघं कॉरिडॉरमध्ये, मध्ये काचेचं पार्टिशन, आणि त्यावरूनच नावं सरकायला लागतात.

"मग कोणाकडे गेली ती?" आईने विचारलं. म्हटलं, सांगत नाहीत. तिला पटलं नाही, नावं संपेपर्यंत स्क्रीनकडे बघत बसली होती, ते दार उघडेल म्हणून.