तुम्ही विचारलंत म्हणून: लॉकचीच पानं का लिहीत बसतो

"हातातलं काम सोडून लॉक कसे बघायचे ते काय लिहीत बसतोस? सगळं मॅन्युअलमध्ये आहे की." ऑफिसात विचारून झालं, परवा लग्नाच्या पंगतीतही झालं. लॉक म्हणजे डेटाबेसमध्ये एकाचं काम संपेपर्यंत दुसऱ्याला थांबवणारी कडी. मॅन्युअलमध्ये आहे, हे खरंच. त्या दिवशीही होतं.

लातूरच्या एका अडतीत आमचं सॉफ्टवेअर, खाली पोस्टग्रेस हा डेटाबेस. दसरा झालेला, सोयाबीनची आवक जोरात. भरदुपारी मी पट्टीच्या, म्हणजे शेतकऱ्याच्या हिशेबाच्या पावतीच्या, टेबलात एक कॉलम वाढवायला आल्टर टेबल ही आज्ञा चालवली. मुनीम रिपोर्ट उघडा ठेवून जेवायला गेले होते. त्यांचं ट्रान्झॅक्शन, म्हणजे डेटाबेसमधलं एकसंध काम, उघडं, टेबलावर नुसतं वाचण्यापुरतं लॉक. आल्टरला टेबल पूर्ण मोकळं लागतं, म्हणून माझं आल्टर त्यामागे अडलं आणि नंतर आलेली प्रत्येक नोंद माझ्यामागे.

मी फक्त 'ॲक्टिव्ह' सेशन, म्हणजे डेटाबेसशी जोडलेली चालती कनेक्शनं, पाहिली. मुनीमांचं 'आयडल इन ट्रान्झॅक्शन', म्हणजे काही न करता नुसतं उघडं होतं, ते यादीत आलंच नाही. पीजी_लॉक्स या लॉकच्या यादीत न मिळालेल्या लॉकच्या ओळीच ओळी. नोंदीच अडकल्यात असं समजून मी एकेक सेशन मारत गेलो. त्यातल्या एकात वजन आधीच चढलं होतं, पट्टीपाशी येऊन थांबलं होतं. तेही रोलबॅक होऊन पुसलं गेलं.

खिडकीशी औशाकडचे एक बाबा उभे. "साहेब, माल तर मोजलाय की. पट्टी कवा निघंल?" माल एव्हाना मोठ्या ढिगात ओतला गेला होता. राहिली हमालाच्या हातची चिठ्ठी, घामानं भिजलेली. कट्टे ३१ की ३९? बाबा ३९ म्हणाले, अडत्या ३१. शेवटी ३५ धरले आणि ते मीच टाइप केले. बाबांनी चिठ्ठीची घडी घातली, खिशात ठेवली आणि पट्टी घेऊन गेले. खरा आकडा कोणता, मला आजही माहीत नाही.

चूक माझी होती, मान्य. भरबाजारात आल्टर चालवायचं नव्हतं, निदान आधी लॉक_टाइमआउट, म्हणजे ठरल्या वेळात लॉक मिळालं नाही तर आज्ञा सोडून देणारी मर्यादा, लावायचा होता. पण मॅन्युअल वाचलं नव्हतं असं म्हणू नका. कुणी अडवलंय ते सांगणारं पीजी_ब्लॉकिंग_पिड्स हे फंक्शन पोस्टग्रेसच्या २०१६ च्या ९.६ आवृत्तीपासून आहे. पीजी_लॉक्सची यादी स्वतःशीच जोडून शोधण्यापेक्षा हे फंक्शन वापरा, असं मॅन्युअलच्या पीजी_लॉक्सच्या पानावर स्वच्छ लिहिलंय. मात्र रांगेत पुढे उभा असलेलाही ते अडवणारा म्हणून दाखवतं. नोंदीला विचारलं तर आल्टर दिसणार, आल्टरला परत विचारलं तरच मुनीम. हे दुसऱ्यांदा विचारणं समोर बाजार तुंबलेला असताना सुचत नाही. २०२१ च्या १४ व्या आवृत्तीपासून पीजी_लॉक्समध्ये कोण केव्हापासून थांबलाय तेही कळतं, पण वाट बघणं सुरू होताच क्षणभर तो रकाना रिकामा असू शकतो. हेही आधी सांगितलेलं बरं.

त्या दिवसाआधी मीच पोरांना म्हणायचो, "वाचा, मग विचारा." तेव्हाचा मी आजच्या मला म्हणतो, वाचणारा शहाणा नसेल तर पान काय करणार? त्यावर माझ्याकडे धड उत्तर नाही. गेल्या महिन्यात एका नव्या पोरानं माझं पान समोर उघडं ठेवून चुकीचं सेशन मारलं. पहिला अडवणारा दिसला की मारला, त्याच्यामागे अजून एक होता. कुठली ओळ वाचून मारलंस, म्हटलं. त्यानं बोट ठेवलं. "अडवणारं सेशन शोधा आणि बंद करा." माझीच ओळ. ती आज परत लिहायला घेतलीय.