तुम्ही विचारलंत म्हणून: स्नॅपमध्ये मी काय शोधतो

मी स्नॅपला जातो हे कळलं की ऑफिसात, मंडळात, घरच्यांच्या फोनवरसुद्धा एकच प्रश्न येतो, की तिथे धड एक भिंत उभी नाही, माणूस राहत नाही, तुमचं त्यांच्याशी नातंगोतं नाही, मग शोधता काय एवढं? परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

स्नॅप म्हणजे इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यातली, ऑल्डबोर्न गावाची आता ओस पडलेली वाडी. वाडीच म्हणतो मी, कारण हॅम्लेट म्हणजे तेच, चार घरं, शेतं, आणि चर्चसाठी, लग्नासाठी, पुरण्यासाठी मोठ्या गावाकडे जायचं. स्विंडनमधल्या माझ्या घरापासून सरळ रेषेत साधारण ११ किलोमीटर. आता तिथे झाडी आहे, सार्सन म्हणजे इथल्या कठीण वालुकाश्म दगडांचे ढिगारे आहेत आणि नेटल ही रानवनस्पती आहे, ती अंगाला लागली की आग होते ना, तीच. माणसं-जनावरं पिढ्यानपिढ्या राहिलेल्या जमिनीत फॉस्फेट साठतं आणि नेटल तिथेच माजते, त्यामुळे घरं कुठे असतील ते मला आधी नेटल सांगते, मग मी फोनवर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचा ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे ब्रिटिश सरकारी मोजणी खात्याचा नकाशा उघडतो आणि जुळवत बसतो.

पण खरा शोध कागदात, चिपनहॅमच्या हिस्ट्री सेंटरमध्ये, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या दफ्तरखान्यात. पेन आत न्यायचं नाही, फक्त पेन्सिल. वाडीचा इतिहास शोधणाऱ्याची अडचण ही की वाडीला स्वतःचं पान नसतं. स्नॅपचं नाव १२६८ पासून सापडतं, पण बाप्तिस्मा, लग्न, दफन सगळं ऑल्डबोर्नच्या नोंदवहीत, एखादा पाद्री नावापुढे वाडी लिहितो, दुसरा वीस वर्षं एकदाही लिहीत नाही. जनगणना जास्त बोलते. १८४१ मध्ये १५ च्या वरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहिलेली असायची (म्हणजे ३९ चा माणूस ३५ चा), १८५१ मध्ये मात्र खरं वय, कुटुंबातलं नातं, जन्म कुठल्या गावात, सगळं आलं. आणि गणना करणारा पायी घरोघर जायचा, त्याच क्रमाने घरं पानावर उतरायची, म्हणजे ते पान हा एका माणसाचा चालायचा रस्ताच आहे. १८५१ ला स्नॅपमध्ये ४१ माणसं होती. मी ती पानं वाचताना घाई करत नाही, एका दिवसात एकच घर.

आता वाडी ओस कशी पडली ते. तुम्ही कोणालाही विचारा, रॅम्सबरीच्या एका खाटकाचं नाव घेतील, त्याने १९०५ च्या सुमारास शेतं विकत घेतली, मेंढ्या सोडल्या, मजुरांना काम उरलं नाही. हे खरं आहे. पण एवढंच धरून बसलं तर त्या ४१ माणसांवर अन्याय होतो असं मला मनापासून वाटतं, कारण त्यांची पोरं त्याच्या कितीतरी आधीपासून निघून चालली होती. अमेरिकेचा गहू रेल्वेने बंदरात आणि आगबोटीने इकडे यायला लागला, १८७७ ला क्वार्टरला (धान्याचं जुनं इंग्रजी माप) ५६ शिलिंगच्या वर असलेला भाव १८९४ ला २३ च्याही खाली आला, खडूच्या या टेकड्यांवर त्या भावात नांगर धरणं परवडेना. आणि इकडे स्विंडनमध्ये १८४३ पासून ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा कारखाना धडधडत होता, रोख पगार. माझे आजोबा साताऱ्याकडून मुंबईच्या गिरणीत गेले, त्यामुळे शेत सोडून भोंग्यावर चालणारा माणूस कसा निघत असेल हे मला कोणी समजावून सांगावं लागत नाही.

शेवटी एक वयस्कर जोडपं उरलं, नवरा गेल्यावर त्या बाई काही काळ एकट्या राहिल्या, मग त्याही ऑल्डबोर्नला गेल्या. पहिल्या महायुद्धात लष्कराच्या सरावात रिकामी घरं पडली. १९९१ मध्ये स्विंडनच्या एका शाळेतल्या मुलांनी तिथे स्नॅपच्या लोकांच्या आठवणीत दगड बसवला, मी प्रत्येक वेळी तिथे थोडा वेळ थांबतो.

सध्या मी उलट्या बाजूने लागलोय. स्विंडनच्या जनगणनेत, कारखान्याजवळच्या गल्ल्यांमध्ये, जन्मस्थानाच्या रकान्यात ऑल्डबोर्न लिहिलेली माणसं वहीत उतरवतोय. स्नॅप असं तिथे सहसा कोणी लिहून घेत नाही, परक्या शहरात विचारलं की माणूस मोठ्या गावाचंच नाव सांगतो, मीही सातारा सांगतो. म्हणून मग नाव, वय, आईबापांची नावं घेऊन परत १८५१ च्या पानाकडे, घर पहिलं, घर दुसरं, असं चाललंय.