बॅटरी सारखी उतरते? नवी घेण्याआधी मीटर लावा

गाडी रात्रभर उभी राहिली की मल्टिमीटरने व्होल्टेज बघा. 12.6 म्हणजे बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे जेमतेम अर्धी. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 दिसले, तर चार्जिंग बहुधा ठीक आहे.

मग शोधायची बंद गाडीतली विजेची गळती. निगेटिव्ह केबल सोडवा आणि मीटर 10 अँपिअरच्या सॉकेटवर घेऊन केबल व टर्मिनलच्या मध्ये जोडा. आता चावी अजिबात फिरवू नका, मीटरचा फ्यूज उडेल. दारे लॉक करून अर्धा तास थांबा. घाई नेमकी इथेच नडते: कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीतले छोटे संगणक, झोपायच्या आत दिसणारा आकडा खोटा असतो.

50 मिलिअँपिअरपर्यंत चालते. 300 असेल तर 45 अँपिअर-अवरची बॅटरी तीन दिवसांत अर्धी होते. एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा झपकन खाली येतो, त्या सर्किटमध्ये दोष. बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टिम, डॅशकॅम आणि डिकीचा दिवा यांच्यावर पहिला संशय घ्या.

एकाही फ्यूजने फरक पडला नाही तर बॅटरीचे कनेक्शन पूर्ण तोडून अल्टरनेटरची (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरची) जाड वायर काढा, टोकाला टेप गुंडाळा आणि बॅटरी व मीटर आधीसारखे जोडून पुन्हा मोजा. आकडा पडला तर बहुधा अल्टरनेटरचा डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, गेलाय.